नारळाच्या झाडांचा भेडाघाट

भेडाघाटला नारळाची झाडं नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली एकतीस वर्षं मी आमच्या नातेवाइकांना ती आहेत असं छातीठोकपणे सांगत आलो, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातात हे पडणारच. मी स्वतः तिथे कधी गेलो नव्हतो. माझं सगळं ज्ञान दादा-वहिनींनी तिथून आणलेल्या एका चिनीमातीच्या प्लेटवरून आलेलं. तिच्यावर उंचच उंच धबधबा होता, खाली होडी होती आणि दोन्ही काठांना नारळाची रांग होती. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, भेडाघाट.

नंदनवन

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं. त्याला प्लेटांचा नाद होता. जिथे जाईल तिथून त्या गावाचं नाव आणि चित्र असलेली एक शोभेची प्लेट आणायची आणि नागपूरच्या नंदनवन भागातल्या घराच्या बैठकीत लावायची. नियम कडक. स्वतःचे पाय लागल्याशिवाय त्या गावाची प्लेट भिंतीवर येणार नाही. मी एकदा ऑफिसच्या कामाने म्हैसूरला गेलो आणि मोठ्या प्रेमाने त्याच्यासाठी लाकडी प्लेट घेऊन आलो, तर त्याने ती मलाच परत दिली. म्हणाला, तू गेला होतास, तूच लाव. आमच्या घरी तिच्यात किल्ल्या असतात.

नवी प्लेट आली की येणाऱ्या रविवारी आम्हाला जेवायला बोलावणं असायचं. त्या गावचा काहीतरी पदार्थ त्या प्लेटमध्ये वाढायचा, प्रत्येकाने एक घास घ्यायचा आणि मग ती धुऊन पुसून खिळ्यावर जायची. कन्याकुमारीच्या प्लेटला कडेने शिंपले चिकटवले होते. त्यातला एक केळ्याच्या वेफर्ससोबत मी चावला आणि दाताचा टवका गेला. तो टवकासुद्धा मी घरात पुढे गोष्टीत वापरला. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की कोणीतरी म्हणतंच, काका, ती सांगा ना.

यंदा दिवाळीआधी निखिलने, म्हणजे दादाच्या मुलाने, घर रंगवायला काढलं. तो हिंगण्याच्या एका कंपनीत आहे, सुट्टी मोजकीच. भिंत मोकळी करायची होती. वहिनींनी एका दुपारी सगळ्या प्लेटा उतरवल्या, साबणाने धुतल्या आणि आम्हा सगळ्यांना बोलावून ज्याला जी हवी ती देऊन टाकली. मला वाटलं होतं रडतील. पण त्यांचं सगळं लक्ष कोणती प्लेट कशात गुंडाळायची याच्याकडे होतं.

मी मागितली भेडाघाटची.

"ते नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते मले नर्मदेत सोडाची आहे."

आता ही प्लेट मलाच का हवी, ते सांगायला हवं. दादाने आणलेली ती सर्वांत पहिली. आणि ती आणायला तो जेव्हा गेला, तेव्हाच नागपुरात माझा साखरपुडा होता. दादा तेव्हा उमरेडला नोकरीला होता, तिथेच भाड्याच्या खोलीत दोघं राहत. सख्खा भाऊ साखरपुड्याला आला नाही. वर्ध्याहून आलेली माझी सासरची मंडळी पुन्हापुन्हा विचारत होती आणि आई पदराने कपाळ पुसत होती. आठ दिवसांनी दोघं हजर झाले, हातात ही प्लेट. भेडाघाटला गेलो होतो, म्हणे, आदल्या दिवशी परतणार होतो, पण होडी खडकात अडकली, नावाड्याचं वल्हं वाहून गेलं, शेवटची बस चुकली. नारळाच्या झाडाखाली बसून खोव्याची जिलबी खात रात्र काढली. दादाने हे असं काही रंगवून सांगितलं की चिडलेले बाबासुद्धा हसले.

तेव्हापासून ती गोष्ट माझी झाली. मी तिच्यात आधी वादळ टाकलं, मग माकड, आणि निखिलच्या लग्नात एक मगरही टाकली. शेवट मात्र कधी बदलला नाही: "इकडे माझ्या बोटात अंगठी चढत होती आणि तिकडे माझा सख्खा भाऊ जिलबी चावत होता." यावर हमखास हशा. दादा मान खाली घालून हसायचा. वहिनी तोंडाला पदर लावायच्या.

अशी प्लेट नदीत जाऊ द्यायची? मी वहिनींना म्हटलं, एकट्या कुठे जाता, मी येतो सोबत. मनात असं की बाईमाणूस आहे, काठावर जाऊन मन बदलेल, प्लेट परत येईल. माझी बायको मंदा गुडघ्यांमुळे आली नाही. निघताना तिने मला बाजूला घेऊन बजावलं की रस्ताभर स्वतःच बोलत बसू नका. पण मी बोलत बसलो.

जबलपूर

नागपूरहून सकाळची बस धरली. पेंचच्या जंगलातून रस्ता जातो. वाघ सोडा, मला नीलगायसुद्धा दिसली नाही, कारण ती जेव्हा दिसली, असं वहिनी म्हणतात, तेव्हा मी त्यांना वाघांविषयी सांगत होतो. प्लेट त्यांनी दादाच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर धरली होती. मी दोनदा म्हटलं, वर ठेवतो. त्यांनी दिली नाही.

सिवनीला बस थांबली तेव्हा मी माझ्या वयाच्या माणसाला जिथे जावं लागतं तिथे गेलो आणि परत येईस्तोवर बस हलली होती. पोट सावरत, एक हात वर करून धावलो. आतून वहिनी कंडक्टरला सांगत होत्या की थांबा जरा, आमचा माणूस राहिला. चढलो तर साऱ्या बसने माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी सांबारवडीचा डबा पुढे केला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. शेजारच्या सीटवरच्या बाईंना एक वडी दिली तर त्या आत इडलीचं सांबार शोधत होत्या.

जबलपूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. नागपूरपेक्षा थंडी बरीच. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने आमचं नातं विचारलं. मी दीर-भावजय असं सांगितल्यावर त्याने नमस्कारच केला आणि दोघांना इतक्या लांबलांबच्या खोल्या दिल्या की सकाळी चहाला हाक मारायला मला फोन करावा लागला.

तिथले पोहे आपल्यासारखेच पिवळे, पण वर तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, नाही. शेव घालतात आणि सोबत गरम जिलबी देतात. तर्रीशिवाय पोहे म्हणजे मला तरी तोंड धुवायच्या आधी आरशात पाहिल्यासारखं वाटलं. मी तक्रार करत दोन प्लेटा खाल्ल्या. मग म्हटलं, आता खोव्याची जिलबी. गोष्टीतली. समोर आली ती काळपट, जाडजूड, पाकात निथळणारी.

वहिनींनी ती बोटाने उलटी करून पाहिली. "हे काळं काहून आहे, भाऊजी? जळलं का?"

मी हसलो. म्हटलं, वहिनी, रात्रभर हीच खाल्ली ना तुम्ही, एवढ्यात विसरल्या? त्याही हसल्या आणि एक तुकडा तोडला. एकतीस वर्षं झाली, माणूस विसरतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यांच्या वाटणीची उरलेली संपवली.

भेडाघाट

सकाळी रिक्षाने भेडाघाटला गेलो, घाटाच्या पायऱ्या उतरलो आणि होडीत बसलो. दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे, पांढरे, मधूनच पिवळे, काही ठिकाणी निळसर काळे. पाणी हिरवं आणि एकदम गप्प. त्याची भरपाई नावाडी करतात. वल्हं मारता मारता यमकं जुळवून बोलतात. आमचा म्हणाला, "बाएँ देखो पत्थर काला, दाएँ देखो पीला, सासू बैठी घर पे, तभी मौसम रंगीला." सगळी होडी हसली. मला धंद्यातला माणूस भेटल्यासारखं झालं. मी काठाकडे पाहत होतो. नारळ दिसत नव्हते. म्हटलं, तोडले असतील.

कडे जवळ आले तशा वहिनींनी स्वेटर सोडला आणि प्लेट काढली. दोन्ही हातांनी पाण्यावर धरली. मी थांबवायला हात पुढे केला. पण माझ्याआधी नावाडी बोलला, आणि या वेळी यमक न जुळवता.

"माताजी, चीनी-काँच मत डालिए. लोग नहाते हैं मैया में. किसी का पैर कट जाएगा."

वहिनींनी हात मागे घेतले. फूल घाला, नारळ घाला, दिवा सोडा, तो समजावत राहिला. त्या मान हलवत होत्या. प्लेट पुन्हा स्वेटरमध्ये गेली. आणि मी, आता सांगायला लाज वाटते, मनातून खूश झालो. माझी गोष्ट वाचली होती.

खूश झालेला माणूस उतावीळ होतो. होडीतून उतरल्यावर धुवांधार पाहायला निघालो. धबधब्याकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना मऊ दगडाच्या वस्तूंची दुकानं आहेत. शिवलिंगं, हत्ती, दगडी चौकटीत नावं कोरून देणारे. दुकानांच्या पायाशी दगडाच्या पांढऱ्या कपच्यांचा सडा. मी वहिनींना म्हटलं, प्लेट द्या, इथे गवत घालून नीट बांधून घेऊ, बसमध्ये फुटायला नको. त्यांनी दिली. मी एका म्हाताऱ्या दुकानदारापुढे ती ठेवली आणि ऐटीत म्हणालो की तुमच्याच गावची आहे, एकतीस वर्षांपूर्वीची.

त्याने चष्मा वर केला, उलटीसुलटी पाहिली.

"बाबूजी, ये यहाँ की नहीं है. हमारे यहाँ पत्थर बिकता है, चीनी मिट्टी कभी नहीं बिकी. मेरे बाप के टाइम से दुकान है." मग चित्रावर बोट ठेवलं. "और ये नारियल किसने लगा दिए?"

मी वाद घातला. माझा भाऊ स्वतः इथून घेऊन आला, असं मोठ्या आवाजात सांगितलं. आजूबाजूचे दोन दुकानदार येऊन बघून गेले. एकाने धबधबा पाहून विचारलं की हा हिमालयातला आहे का. माझ्या मागून वहिनी म्हणाल्या, "खरं बोलून राहिले ते, भाऊजी. चला तिकडं."

गल्लीच्या टोकाला धुवांधार आहे. नदी एवढी मोठी, आणि पडते ती फार उंचावरून नाही, पण पडताना तिचा धूर होतो. तुषार अंगावर येत होते. आम्ही कठड्यापासून मागे, एका दगडावर बसलो. वहिनी पाण्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, ओळखत असाव्यात.

"आम्ही इथं कधी आलोच नव्हतो," त्या म्हणाल्या.

प्लेट नागपुरातच, बर्डीच्या बाजारातल्या एका पाट्या रंगवणाऱ्याने रंगवली होती. दादाने बाजारातून साधी पांढरी प्लेट घेतली आणि त्याला काढून मागितलं. त्यानेही भेडाघाट पाहिला नव्हता. नदी आहे म्हटल्यावर त्याने नारळ काढले.

मी विचारलं, मग होतात कुठे?

पुढचं त्यांनी सलग सांगितलं नाही. मध्ये थांबत होत्या, धबधब्याच्या आवाजात काही शब्द मला पुन्हा विचारावे लागले. त्यांची आधीची दोन गरोदरपणं निभली नव्हती, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, ते आम्हाला माहीत होतं. आई तेव्हा त्यांना कुठल्याकुठल्या बाबांकडे अंगारे आणायला नेत असे. म्हणून तिसऱ्या वेळी दोघांनी ठरवलं की सातवा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. नागपूरला येणं टाळलं. आणि सहाव्यात, माझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, उमरेडच्या एका लहानशा दवाखान्यात त्यांना मुलगा झाला.

"दोन तास होता," वहिनी म्हणाल्या. "रडला नाही. पण बोट धरलं होतं यांचं."

मी काहीतरी बोललो असेन. आम्हाला का नाही कळवलं, असंच काहीतरी.

"कळवलं असतं तं सुतक आलं असतं ना, भाऊजी. तुमचा साखरपुडा मोडला असता. तुमचे सासरे किती शकुन-अपशकुन पाहात, ठाऊक आहे ना तुमाले. ते म्हणाले असते, पोरगी द्याच्या दिवशीच त्या घरात मयत. मंदा आलीच नसती मग." त्यांनी पदर सारखा केला. "हे म्हणे, एका घरात एका दिवशी एकाच भावानं रडावं."

आठ दिवसांनी दोघं नागपूरला आले तेव्हा वहिनी उतरलेल्या दिसत होत्या, हे मला आठवतं. आई म्हणाली होती, नर्मदेचं पाणी बाधलं. मंदाने तर पुढे कित्येक वर्षं ऐकवलं की मोठ्या जावेने माझी ओटी भरायची, तर बाई होडीत बसल्या होत्या. आणि मी. एकतीस वर्षं, प्रत्येक पंगतीला. त्यांच्या पोटच्या मुलाच्या लग्नात. मी हात जोडले आणि ते तसेच राहिले.

वहिनींनी माझे हात खाली केले. म्हणाल्या, तुम्ही सांगायचे तेव्हा खरंच हसू यायचं. "तुम्ही मगर टाकली त्या दिवशी हे म्हणे, चला, आता कोणाले संशय येत नाही."

मग त्यांनी प्लेटांचं सांगितलं. भिंतीवर ती एकटी फार दिसायची. येणारा प्रत्येक जण विचारायचा. म्हणून दादाने दुसरी आणली, तिसरी आणली, सगळी खरीखुरी गावं, खऱ्या तिकिटांची. तो पाय लागल्याचा नियम त्यानेच केला आणि स्वतःवरच घातला. मी त्याला छंद समजत होतो.

"मग आता नदीत कशाला?" मी विचारलं.

"त्याले कुठं ठेवलं ते मले ठाऊक नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याची म्हणून हे एकच वस्तू आहे, तेच सोडाची होती." दादा एकटाच घेऊन गेला होता, दवाखान्याच्या चादरीत. इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. परत आला तो पायांना माती घेऊन. "किती वेळा विचारलं यांना. म्हणत, तुले जागा सांगितली तं तू तिथं जाऊन बसशील. खरंच होतं ते. बसली असती मी." दादाच्या शेवटच्या आजारातही त्यांनी विचारलं होतं. तोवर त्याची वाचा गेली होती. तो नुसता भिंतीकडे पाहायचा.

समोर नदी धूर होऊन पडत होती आणि पर्यटक तिच्याकडे पाठ करून फोटो काढत होते.

मला आयुष्यात शहाणपणाची एकच गोष्ट सुचली असेल तर ती तेव्हा. मी म्हटलं, वहिनी, नदीत नको. पुरू या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या उठल्या.

चौसष्ट योगिनीच्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या बाजूला उतार आहे. तिथे एका कवठाच्या झाडाखाली माती भुसभुशीत होती. आमच्याकडे हत्यार नव्हतं. डब्यातला चमचा वहिनींनी घेतला. मी गल्लीत परत जाऊन त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून दगडाची एक धारदार कपची मागून आणली. त्याने कशाला ते विचारलं नाही. चमचा तिसऱ्या घावाला वाकला. मी गुडघ्यांवर बसून खणलं. धाप लागली, नखं भरली. वहिनी हाताने माती बाजूला ओढत होत्या. हातभर खोल झाल्यावर त्या म्हणाल्या, पुरे.

प्लेट त्यांनी पालथी ठेवली, चित्र खाली. वर फक्त तिची पांढरी पाठ राहिली. दादाचा स्वेटर तिच्यावर अंथरला, चारही बाजूंनी खोचला, जसा पाळण्यात खोचतात तसा. मी विचारलं, नाव काही ठेवलं होतं का? नाही म्हणाल्या. बारा दिवस कुठे मिळाले.

माती आम्ही दोघांनी मिळून लोटली. त्यानंतर त्या तिथे बसल्या. मी खाली पायऱ्यांवर जाऊन थांबलो. किती वेळ ते सांगत नाही, मी घड्याळ पाहिलं नाही.

परत नंदनवन

मंदाला मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खणानारळाची पिशवी घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत वहिनींकडे गेली आणि त्यांची ओटी भरून आली. विधवेची ओटी भरत नाहीत, हे तिला कोणी सांगायला गेलं नाही. निखिललाही वहिनींनी स्वतः सांगितलं. त्याने बैठकीची भिंत मोकळीच ठेवली आहे.

हे लिहू का, असं मी वहिनींना विचारलं. जरा विचार करून म्हणाल्या, "लिहा. पण मगर टाकू नका." आणि एक काम सांगितलं. त्यांना आता साठी लागली आहे, पुन्हा जाणं होईल की नाही ठाऊक नाही, पण घरातलं कोणी तिकडे गेलंच तर जागा सापडली पाहिजे. म्हणून रस्ता नीट लिहून ठेवा, म्हणाल्या, जसा आहे तसा. म्हणून लिहितो.

जबलपूरहून भेडाघाटला रिक्षा मिळते. धुवांधारकडे न वळता चौसष्ट योगिनीच्या पायऱ्यांशी उतरावं. पायऱ्या चढायला लागल्यावर अर्ध्याच्या थोडं आधी उजव्या हाताला कठडा तुटलेला आहे. तिथून पायवाट उताराने खाली जाते. वीस-पंचवीस पावलांवर कवठाचं झाड आहे, त्या भागात ते एकच. झाडाच्या नदीकडच्या अंगाला, बुंध्यापासून दोन हातांवर. खूण ठेवलेली नाही. तिथे पाहण्यासारखं काही नाही. बसायला जागा आहे.